काट्याचं तोंड कोणाकडे?



ज्या गणिताच्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याबद्दल त्यांचे विद्यार्थी एक गोष्ट नेहमी सांगतात. उत्तर बरोबर असलं, पण पुढे एकक लिहिलेलं नसलं, तर सर गुण देत नसत. बारा काय? बारा मीटर, बारा माणसं की बारा रुपये? मी गणिताचा माणूस नाही. लहान मुलांचा डॉक्टर आहे आणि माझी बहुतेक नोकरी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत गेली. पण सरांचा तो हट्ट माझ्या कामाच्या अगदी मुळाशी आहे. म्हणून आज वजनाविषयी आणि मापांविषयी बोलणार आहे.

आपल्या कुठल्याही घरात जरा कान देऊन ऐका. मुलीची उंची पाच फूट चार इंच, वजन मात्र किलोत. बाहेरचं ऊन ४२ अंश सेल्सिअस, अंगातला ताप १०१ फॅरेनहाइट. जमीन बोलताना गुंठ्यात, सातबाऱ्यावर हेक्टर आणि आरमध्ये. दूध लिटरने, वाढदिवसाचा केक पौंडाने, सोनं तोळ्याने. आणि तोळा म्हणायचं तेही आता १० ग्रॅमला. खरा जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. भिंतीवरचा एसी दीड टनाचा. एकाच घरात चार-पाच काळांची मापं एकत्र नांदतात आणि कुणाचं फारसं अडत नाही. गुंठा आणि आर यांतलंच पाहा. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०१ चौरस मीटरांच्या किंचित वर, आणि आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर. शेजाऱ्याशी बांधावरून वाद नसेल तर हा फरक कुणाला जाणवतही नाही. वाद झाला की जाणवतो.

मला तिथेच थांबायचं आहे. माप कधी महत्त्वाचं होतं? दोन माणसांमध्ये काहीतरी देणंघेणं असतं तेव्हा. आणि त्या दोघांमध्ये काटा नेहमी एकाच्या हातात असतो. दुसऱ्याला तो आकडा दिसतो का, कळतो का, आणि ते माप त्याचा विचार करून बनवलेलं आहे का, हे तीन प्रश्न मी आज तुमच्यासमोर ठेवतो. धान्याच्या बाजारात ते जितके खरे आहेत, तितकेच माझ्या दवाखान्यातही.

आधी धान्याचं बोलू. इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली ही सगळी माळ पाठ असेल. प्रत्येक माप मागच्याच्या दुप्पट. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. दुपटीची ही रीत फार जुनी आहे. हडप्पा संस्कृतीतली दगडी घनाकृती वजनंसुद्धा एक, दोन, चार, आठ, सोळा अशीच चढत जातात. अर्धं करणं आणि अर्ध्याचं अर्धं करणं हे लिहिता न येणाऱ्या माणसालाही दोन पारड्यांत करून दाखवता येतं. त्यामुळे जुन्या मापांना अडाणी म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ती हाताने पडताळता येत होती. धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायची आपली पद्धत होती. ते माप मोठ्याने, सगळ्यांसमोर मोजलं जायचं.

मग अडचण कुठे होती? शेर म्हणजे किती, याचं उत्तर गावागणिक बदलायचं. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोंचाही नाही. बंगालचा मण ८२ पौंडांच्या वर, सदतीस किलोंहून जास्त. दोन्हींचं नाव मण, दोन्हींत शेर चाळीसच. खंडी धान्याची वीस मणांची, पण मुंबईच्या बाजारात कापसाची खंडी २८ मणांची, म्हणजे ७८४ पौंडांची. ही खंडी अजून मेलेली नाही. रुईच्या बाजारात आजही भाव खंडीने बोलला जातो आणि ती खंडी ३५६ किलोंची धरतात. विदर्भातला शेतकरी आपला कापूस क्विंटलने विकतो, त्यातून निघालेल्या रुईचा भाव खंडीने छापून येतो, आणि न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात त्याच रुईचा भाव दर पौंडाला सेंटमध्ये ठरतो. ज्याला तिन्ही मापं एकमेकांत बदलता येतात, तो सौद्यात वरचढ ठरतो. ज्याने कापूस पिकवला त्याला बहुतेक वेळा ती बदलता येत नाहीत.

मापाचं भांडं तेच असलं तरी ते भरायचे प्रकार दोन. शीग लावून भरायचं किंवा कडेवरून हात फिरवून सपाट करायचं. खंडाचं धान्य घेताना शिगेचं माप आणि उसनं देताना सपाट माप, ही कुळांची तक्रार आपल्याकडे घरोघर ऐकलेली आहे. युरोपातल्या शेतकऱ्यांचीही अगदी हीच तक्रार होती. फ्रान्समध्ये १७८९ साली राजाने रयतेकडून गाऱ्हाणी लिहून मागवली, तेव्हा ठिकठिकाणच्या गावांनी करांच्या बरोबरीने एक मागणी लिहून पाठवली: सगळीकडे एकच वजन आणि एकच माप असू द्या. मेट्रिक पद्धत शास्त्रज्ञांनी बांधली हे खरं, पण मागणी केली ती नाडल्या गेलेल्या माणसांनी. शाळेत आपण किलो-ग्रॅम शिकवतो तेव्हा ही बाजू मुलांना सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं. तक्ता पाठ होतो आणि त्यामागचा न्यायाचा आग्रह गळून पडतो.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. पॅरिसमध्ये २० मे १८७५ रोजी १७ देशांनी मीटर करारावर सह्या केल्या. १८८९ साली प्लॅटिनम आणि इरिडियम यांच्या मिश्रणाचा एक छोटा दंडगोल जगाचा किलो ठरला. पॅरिसजवळ तो तीन किल्ल्यांच्या कपाटात ठेवला होता. भारत या करारात १९५७ साली गेला. आपल्याकडे आलेली त्या दंडगोलाची प्रत ५७ क्रमांकाची, ती दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. शंभर वर्षांत मूळ दंडगोल आणि त्याच्या प्रती यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला दिसला. कोण हलका झाला आणि कोण जड, हे सांगायला दुसरा किलोच नव्हता. म्हणून २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या धातूच्या तुकड्यावरून काढून निसर्गातल्या एका स्थिरांकावर, प्लांकच्या स्थिरांकावर, नेऊन ठेवली. आता कुठल्याही देशाला, साधनं असतील तर, आपला किलो आपल्या प्रयोगशाळेत सिद्ध करता येतो. माझ्या मते ही मेट्रिक पद्धतीची खरी पूर्तता आहे. एका शहरातल्या एका कपाटावर सगळ्या जगाने विसंबून राहायचं, हे त्या जुन्या मागणीशी जुळणारं नव्हतंच.

आपल्याकडे वजनं-मापांचा कायदा १९५६ साली झाला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले, आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोची वजनं टप्प्याटप्प्याने बाजारात आली. १९६२ पर्यंत शेर-मण कायद्याने मागे पडले. त्या काळाचा विचार केला की मन भरून येतं. बहुसंख्य माणसांना लिहिता-वाचता येत नव्हतं. अशा देशाने चार-पाच वर्षांत पैसे आणि वजनं दोन्ही बदलली, आणि व्यवहार थांबले नाहीत. शेर ९३३ ग्रॅमचा, किलो त्याहून थोडा मोठा. बायांनी हे हिशेब तोंडी केले. छटाक, नवटाक, पावशेर, अच्छेर हे शब्द मागे पडले. त्यातला ‘पावशेर’ अजून भाजीवाल्याकडे ऐकू येतो, आणि मिळतं ते पाव किलो.

आता इंग्रजी मापांकडे येतो, कारण आपल्यातली हजारो घरं आता दोन देशांत वाटली गेली आहेत. सून अमेरिकेत बाळंत झाली की फोन येतो: बाळ सात पौंड चार औंसांचं. आजीला या आकड्यातून काहीच कळत नाही. कळायला हवं ते असं: तीन किलो आणि वर पावणेतीनशे-तीनशे ग्रॅम, चांगलं भरलेलं बाळ. मुलगा इंग्लंडमध्ये असेल तर आपलं वजन तो ‘अकरा स्टोन’ सांगतो. स्टोन म्हणजे १४ पौंड, म्हणजे हा गडी सुमारे ७० किलोंचा. त्याला साखरेचा त्रास झाला तर तिकडची तपासणी सांगेल, उपाशीपोटी ७. इकडच्या आईला सात म्हणजे काहीच नाही असं वाटतं, कारण आपल्याकडे तीच साखर १२६ लिहितात. एकच रक्त, एकच साखर. एक देश मिलिमोलमध्ये मोजतो, दुसरा मिलिग्रॅममध्ये. ७ आणि १२६ दोन्ही मधुमेहाच्या उंबरठ्याचे आकडे आहेत. हे सांगितल्यावर ‘मग आधी का नाही सांगितलं कुणी?’ असं म्हणणारे आईवडील मी पाहिले आहेत.

पौंडाच्या घराण्यात तर नावं एक आणि वजनं अनेक. रोजचा पौंड ४५३.५९ ग्रॅमचा, सराफीचा पौंड ३७३ ग्रॅमचा. म्हणजे पौंडभर कापूस पौंडभर सोन्यापेक्षा जड भरतो. औंसाचं मात्र उलटं आहे, सोन्याचा औंस जड आणि कापसाचा हलका. टन इंग्लंडचा २२४० पौंडांचा, अमेरिकेचा २००० पौंडांचा, आपला हजार किलोंचा. गॅलन इंग्लंडचा साडेचार लिटरांचा, अमेरिकेचा पावणेचार लिटरांचा. तुमच्या भिंतीवरच्या दीड टनाच्या एसीत टन हे वजनच नाही. एक अमेरिकन टन बर्फ चोवीस तासांत वितळवायला जितकी उष्णता लागते, तितकी त्याच वेळात खोलीतून बाहेर टाकण्याची ती ताकद. बर्फाच्या लाद्यांनी खोल्या थंड करण्याच्या काळातला हा शब्द मागे राहून गेला. कॅलरीचंही तसंच. आहाराबद्दल बोलताना ज्याला आपण कॅलरी म्हणतो, ती भौतिकशास्त्रातल्या हजार कॅलऱ्यांएवढी. इंग्रजीत मोठा ‘सी’ काढून हा फरक दाखवायची पद्धत होती. आपल्या लिपीत मोठं-लहान अक्षर नाही, त्यामुळे तो फरक मराठीत आलाच नाही. पाकिटावर किलोकॅलरी छापलेली असते आणि आपण बोलतो कॅलरी. चपातीच्या शंभर किलोकॅलरी आणि शंभर कॅलरी यांत हजारपटीचं अंतर आहे, एवढं पाकीट वाचताना ध्यानात ठेवा.

हे सारं गमतीचं ज्ञान म्हणून मी सांगत नाही. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडातलं एक प्रवासी विमान हवेतच इंधन संपून उतरवावं लागलं. २२,३०० किलो इंधन हवं होतं. हिशेबात लिटरचं वजन पौंडात धरलं गेलं आणि निम्म्याहून कमी इंधन भरलं. वैमानिकांनी दोन्ही इंजिनं बंद पडलेलं विमान गिम्ली या गावाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, सगळे वाचले. पण विमानं रोज पडत नाहीत. माझ्या क्षेत्रात हीच चूक अधिक शांतपणे होते. मुलांचं औषध वजनावर ठरतं. तापाचं साधं पॅरासिटामॉल घ्या. दर किलोला १५ मिलिग्रॅम धरलं, तर दहा किलोंच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. दहा किलो म्हणजे २२ पौंड. काटा पौंडावर लावलेला राहिला आणि कागदावर नुसतं ‘२२’ लिहिलं गेलं, तर पुढचा माणूस ते किलो समजून ३३० मिलिग्रॅम देणार. दुपटीहून जास्त. म्हणूनच अमेरिकेत घरोघर पौंड चालत असूनही तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी मुलांचं वजन दवाखान्यात फक्त किलोतच नोंदवावं असा आग्रह धरला. आकड्यापुढे एकक नसलं तर गुण न देणाऱ्या त्या शिक्षकांचा नियम इथे एखाद्या लेकराचा जीव वाचवतो.

शाळेत वजन आणि वस्तुमान वेगळं शिकवतात, त्यावर मी फार वेळ घेत नाही. किलो हे वस्तुमानाचं एकक आहे, हे १९०१ सालीच जगाने ठरवलं. चंद्रावर गेलात तर पृथ्वीचं तुमच्यावरचं ओझं सुटून चंद्राचं सहावा हिस्सा ओझं उरेल, पण तुमचं मांस, हाड, चरबी तेवढीच राहील. आपण काट्यावर उभं राहून जो आकडा वाचतो, त्यातून हे मांस, हाड, चरबी वेगवेगळं दिसत नाही, ही गोष्ट मात्र अतिशय महत्त्वाची आहे. तिच्याकडे वळतो.

उंचीच्या मानाने वजन बरोबर आहे का, हे पाहायला डॉक्टर एक हिशेब करतात. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. येणाऱ्या आकड्याला बीएमआय म्हणतात. ही कल्पना बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांची, १८३०च्या दशकातली. केटले वैद्य नव्हते. ते खगोलशास्त्रज्ञ आणि सांख्यिकीकार होते, आणि ‘सरासरी माणूस’ कसा असतो हे शोधत होते. त्यांच्यासमोर असलेली माणसं युरोपची होती. पुढे १९७२ साली अमेरिकेचे अन्सेल कीज यांनी या हिशेबाला आजचं नाव दिलं. त्यांनी पाच देशांतली माणसं मोजली, ती सगळी पुरुष होती, आणि त्या पाच देशांत भारत नव्हता. या हिशेबातला २५ हा आकडा जाडीची सुरुवात म्हणून जगभर छापला गेला. आपल्या दवाखान्यांच्या भिंतींवरही तोच लागला.

इथे पुण्याचं नाव घ्यायलाच हवं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन हे दोघे शास्त्रज्ञ मित्र. दोघांचा बीएमआय अगदी एकसारखा, २२.३. दोघंही भिंतीवरच्या तक्त्याप्रमाणे सडपातळ. मग शरीरातली चरबी मोजली. युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दोघांची छायाचित्रं शेजारी ठेवून ही माहिती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली प्रसिद्ध झाली. काटा दोघांशीही खरंच बोलला होता, पण आकड्याचा अर्थ लावणारा तक्ता भारतीय माणूस न मोजता तयार झाला होता.

याज्ञिक यांनी मुळापर्यंत जायचं ठरवलं. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. या बाया शेतात राबणाऱ्या, सरासरी वजन ४२ किलोंच्या आसपास. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोंची जन्मली. त्यांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. ती सरासरी साडेतीन किलोंची. आपलं बाळ आठशे ग्रॅमने लहान. पण त्याच्या शरीराचा प्रत्येक भाग सारख्या प्रमाणात लहान नव्हता. पोट आणि स्नायू फार कमी. पाठीवर कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. दिसायला किरकोळ आणि आतून चरबी जपणारं हे बाळ पुढे मोठं होऊन शहरात नोकरी करतं, खुर्चीत बसतं, आणि पंचेचाळिशीच्या आत मधुमेह घेऊन दवाखान्यात येतं. मी या निष्कर्षाला फार मोठा मानतो. त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली, ती मला जास्त जवळची वाटते. गरोदरपणात ज्या बायांच्या ताटात पालेभाजी, फळं आणि दूध अधिक वेळा होतं, त्यांची बाळं जन्मताना मोठी होती. नुसती भाकरी वाढवून ते साधलं नाही.

या आणि अशा कामांमुळे २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी वेगळे आकडे सुचवले. २३ला जास्त वजन सुरू होतं, २५ला लठ्ठपणा. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, बाईची ८०च्या आत. पाच फूट चार इंचांची, ६३ किलोंची बाई जुन्या तक्त्यात नीट बसते. नव्या तक्त्यात तिला सावध करावं लागतं. तरीही माझ्या पाहण्यात कित्येक ठिकाणी भिंतीवर अजून पंचविसाचाच तक्ता आहे, आणि मोबाइलमध्ये उंची-वजन टाकलं की बहुतेक वेळा तोच तक्ता उत्तर देतो. तुम्ही विचारा. डॉक्टरांना विचारा की हा आकडा कोणाच्या मापाने काढला. विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि चांगल्या डॉक्टरला तो प्रश्न आवडेल.

वजनावरून माणसाला टोचणं हा आपल्या समाजाचा एक वाईट स्वभाव आहे. लग्नाच्या मांडवात ‘किती जाडी झालीस’ आणि ‘किती वाळलीस’ ही दोन्ही वाक्यं एकाच मुलीला दोन मावशा ऐकवतात. त्या मुलीच्या शरीरात काय चाललंय हे दोघींनाही ठाऊक नसतं. रेल्वेस्थानकावर पूर्वी एक यंत्र असायचं. नाणं टाकलं की जाड पुठ्ठ्याच्या तिकिटावर वजन छापून मिळायचं, आणि मागे भविष्य. त्या भविष्यावर माझा विश्वास नाही, पण त्या यंत्राची एक गोष्ट मला पटते. आकडा छापला जायचा तो थेट तुमच्या हातात, दुसऱ्या कुणाला दिसायच्या आधी.

आता शेवटच्या आणि मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या ठिकाणी येतो. अंगणवाडी. आपल्याकडे ही योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. गावोगाव वजनाचा दिवस असतो. पूर्वी आढ्याला सॉल्टर काटा टांगायचे, २५ किलोंपर्यंतचा, शंभर-शंभर ग्रॅमच्या खुणांचा. मूल झोळीत रडतंय, काटा थरथरतोय, ताई आकडा पाहतेय. काट्याची तबकडी ताईच्या डोळ्यांच्या उंचीवर. आई खाली, मुलाचे पाय धरून. आता बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक काटे आले, उंची मोजायच्या फळ्या आल्या, आणि आकडा ताईच्या मोबाइलमधून थेट वर जातो. तालुक्याला कळतं, जिल्ह्याला कळतं, दिल्लीला कळतं. सॅम म्हणजे तीव्र कुपोषित मुलं किती, मॅम म्हणजे मध्यम कुपोषित किती, याच्या याद्या बनतात. या याद्यांची गरज मी नाकारत नाही. आपल्या राज्यात लहान मुलांचे किती मृत्यू नोंदीबाहेर राहतात हे डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी ‘कोवळी पानगळ’ या अहवालातून दाखवलं, तेव्हा मोजणं ही किती मोठी गोष्ट आहे हे सगळ्या महाराष्ट्राला कळलं. अंगणवाडीच्या ताईंबद्दलही माझ्या मनात आदरच आहे; तुटपुंज्या मानधनावर हे काम त्याच ओढतात. पण आईला विचारा, बाळाचं वजन किती? ‘ताईंनी लिहिलंय.’ मागच्या महिन्यापेक्षा वाढलं का? ‘ताईंना माहीत.’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते मला सहन होत नाही.

तिच्याजवळ माता-बाल संरक्षण कार्ड असतं. त्यात वाढीचा आलेख आहे, हिरवा, पिवळा आणि नारंगी पट्टा आहे. तो वाचायला अक्षरओळखही लागत नाही. ठिपका वर चालला आहे की आडवा पडला आहे, एवढंच पाहायचं असतं. पण कार्ड कपाटात आणि ठिपका मोबाइलमध्ये असतो. एका महिन्याचा आकडा मुलाबद्दल फारसं सांगत नाही. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत बाळ थोडं उतरतं आणि दहा-चौदा दिवसांत भरून काढतं. पाच-सहा महिन्यांत दुप्पट होतं, वर्षात तिप्पट. वजन दोन महिने तिथेच अडकलं, तर मूल अजून हिरव्या पट्ट्यात असलं तरी काहीतरी बिघडलेलं असतं. हे सर्वांत आधी आईला कळू शकतं, कारण ते मूल चोवीस तास तिच्या कडेवर असतं. तिला ते न दाखवता वर पाठवलेला आकडा उशिरा परत येतो, तेव्हा तो औषधाच्या चिठ्ठीवर असतो.

हे बदलणं अवघड नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याचा आकडा आईला दिसेल अशा बाजूला वळवा. वजन मोठ्याने वाचा, जशी पायली मोठ्याने मोजायचो. ठिपका तिच्या हाताने कार्डावर काढू द्या. आणि दंडाची पट्टी तिच्या घरात जाऊ द्या. सहा महिन्यांच्या पुढच्या मुलाच्या डाव्या दंडाच्या मधोमध गुंडाळायची ही रंगीत पट्टी. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळी, त्यापुढे हिरवी. काटा नको, वीज नको, किलो-पौंडाचा घोळ नको. आफ्रिकेतल्या नायजर देशात आयांना ही पट्टी वापरायला शिकवली आणि त्यांच्या मोजणीची तुलना प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या मोजणीशी केली. आयांची मोजणी उणी पडली नाही. त्यांतल्या बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं.

मेळघाटातल्या, नंदुरबारच्या, पालघरच्या आया त्यांच्यापेक्षा कमी शहाण्या आहेत असं मला कुणी पटवून देऊ शकत नाही. इथे जिल्हा परिषदेची मंडळी बसली आहेत, स्वयंसेवी संस्थांची माणसं आहेत. पुढच्या वजनाच्या दिवशी आपल्या भागातल्या एका अंगणवाडीत जा, काट्यापेक्षा आईकडे बघा, आणि ती पट्टी तिच्या हातात देऊन तिलाच मुलाचा दंड मोजायला सांगा. ती चुकली तर ताई शेजारी आहेच.